गटिंग अठ्ठावीसचं!

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये नवी रॅकेट आली की खेळ थांबतो. निदान क्रांती चौकाच्या आसपासच्या सकाळच्या बॅचमध्ये तरी थांबतोच. डबल्स रंगात आलेली असते, गुण एकोणीस-एकोणीस झालेले असतात आणि दारातून बँकवाले साहेब खांद्याला नवंकोरं कव्हर अडकवून आत येतात. सर्व्हिस करणाऱ्याचा हात तिथंच खाली येतो. शटल जमिनीवर पडतं, ते कुणी उचलत नाही. चौघं कोर्टावरून, दोघं बाकावरून आणि एक जण एकाच पायात बूट घालून साहेबांभोवती गोळा होतात.

मग तपासणी सुरू होते. पहिला रॅकेट हवेत दोनदा फिरवतो, तिचा आवाज ऐकतो आणि भुवया उंचावतो. दुसरा ती एका बोटावर आडवी तोलून धरतो आणि ‘हेड हेवी आहे’ म्हणतो. तिसरा तळहाताची कड तारांवर आपटून ‘टाईट केलंय’ एवढंच म्हणतो, पण ते असं म्हणतो की जणू तारा त्यानंच ओढल्यात. चौथा थेट मुद्द्याला हात घालतो.

‘‘कितीला पडली?’’

‘‘खरी सांगू की घरी सांगितलेली?’’

‘‘दोन्ही सांगा.’’

‘‘खरी पंधरा हजार. घरी साडेचार.’’

‘‘मग इथंही साडेचारच सांगत जा साहेब. आपल्या बायकांची भिशी एकच आहे.’’

ही मंडळी कोण, तर पंचेचाळीस ते सत्तर या वयातली, सकाळी सहाला हजर होणारी आणि आठला ऑफिसात ‘आज तीन गेम मारल्या’ असं सांगणारी. बँकवाले साहेब आहेत. मेडिकलवाले आहेत. हाडांचे डॉक्टर आहेत. ते खेळायला येतात की नवे पेशंट हेरायला, यावर दुमत आहे. एक कंत्राटदार आहेत. वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळणारे एक इंजिनिअर आहेत, त्यांना सगळे ‘वाळूजवाले’ म्हणतात. आणि एक निवृत्त मास्तर. हजेरी रोजची सक्तीची, गैरहजेरीला एकच कारण चालतं, आणि ते या शहरात कुणीही उलटून विचारत नाही : ‘‘उद्या आमच्याकडं पाणी आहे.’’ जायकवाडीचं पाणी काही दिवसांआड नळाला येतं, ते नेमकं पहाटे येतं, आणि त्या दिवशी माणसाच्या हातात रॅकेट नव्हे, मोटरची पिन असते. शहरातले निम्मे मोर्चे जिथून निघतात तो क्रांती चौकही एवढ्या कारणापुढं नमतं घेतो.

दुकानदार रॅकेट दाखवण्याआधी एक प्रश्न विचारतो : लेव्हल कोणती? या प्रश्नाला आजवर कुणीही ‘शिकाऊ’ असं उत्तर दिलेलं नाही. बावन्न वर्षांचा माणूस, दोन मुलं, गृहकर्ज फेडून झालेलं. तो शिकाऊ कसा असेल? ‘प्रोफेशनल’ म्हणायलाही जीभ रेटत नाही. म्हणून सगळे ‘इंटरमीडिएट’ म्हणतात आणि नजर मात्र वरच्या खणातल्या रॅकेटवर ठेवतात. ती रॅकेट ऑलिम्पिकमध्ये कुणीतरी वापरलेली असते. दुकानदार धंदा जाणतो. तो म्हणतो, ‘‘तुमच्या हाताला हीच शोभेल.’’ शोभते खरंच.

रॅकेटच्या मुठीच्या वरच्या शंकूवर तिची कुंडली बारीक अक्षरांत छापलेली असते. ४यू म्हणजे वजन ८० ते ८४ ग्रॅम, ३यू म्हणजे ८५ ते ८९. यूचा आकडा चढला की वजन उतरतं. जी म्हणजे मुठीची जाडी. तिथंही आकडा मोठा तितकी मूठ बारीक. सगळी रॅकेट मिळून मध्यम आकाराच्या कांद्यापेक्षा हलकी. तरीही ३यू आणि ४यू यांच्यातला चार-पाच ग्रॅमचा फरक आपल्याला ‘मनगटात लगेच कळतो’ असं हॉलमधला प्रत्येक जण शपथेवर सांगतो. यातल्या कुणालाही स्वतःच्या पोटावर वर्षभरात चढलेले सहा किलो कळलेले नाहीत.

वाळूजवाल्यांनी या बाबतीत शास्त्र आणलं. त्यांनी घरून सोनाराचा असतो तसला छोटा डिजिटल काटा आणि व्हर्निअर आणला. बाकावर वर्तमानपत्र अंथरून रॅकेटचं वजन केलं, मग बोटावर तोलून तोल-बिंदू मोजला. तो मुठीच्या टोकापासून २९८ मिलिमीटरवर निघाला. सगळ्यांनी समाधानानं मान डोलावली. मग साहेबांनी ओव्हरग्रिप गुंडाळली, तिच्याखाली जुनी ग्रिप तशीच ठेवली, त्यावर घाम टिपायला टॉवेलची पट्टी लावली. आणि तोल-बिंदू कुठल्या कुठं सरकला. वाळूजवाले दोन दिवस साहेबांशी बोलले नाहीत.

खरी गंमत पुढं आहे. नव्या रॅकेटला कारखान्यातून आलेल्या तारा ठेवणं हे या मंडळीत अप्रतिष्ठेचं समजतात. क्रांती चौकातून सिल्लेखान्यावरून पैठण गेटकडं निघालं की वाटेत गटिंग करणारे भेटतात. तिथं गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यात जो संवाद होतो तो ठरीव आहे.

‘‘कितना पाउंड साब?’’

‘‘अठ्ठावीस.’’

कारागीर वर बघतो. गिऱ्हाइकाचा खांदा बघतो, पोट बघतो, मग रॅकेट बघतो. ‘‘साब, बाईस करता हूँ. अच्छा खेलेगा.’’

‘‘अठ्ठावीसच.’’

‘‘अठ्ठाईस में कंधा जाएगा.’’

‘‘तू खांद्याचं सोड, तारा ओढ.’’

अठ्ठावीस पौंड म्हणजे साधारण पावणेतेरा किलोचा ताण. मोठे खेळाडू अठ्ठावीस-तीसच्या घरात तारा ओढून घेतात, कारण त्यांच्या हातात वेग आधीच असतो. त्यांना तारांकडून हवा असतो काबू. हौशी खेळाडूला लागतो वेग, आणि तो बावीस-चोवीसच्या सैलसर तारा उसना देतात, कारण त्या शटलला आत घेऊन परत फेकतात. तारा जितक्या कडक, तितकी मधली फटका बसण्याची जागा लहान. साहेबांचा फटका मधोमध बसण्याचं प्रमाण पाहता अठ्ठावीसच्या रॅकेटवर त्यांच्यासाठी रुपयाच्या नाण्याएवढी जागा उरते आणि ती नेमकी तिथं असते जिथं शटल कधी जात नाही. शटल बसतं फ्रेमच्या वरच्या कडेला. तिथं बसलं की ‘टण्’ असा आवाज येतो, आणि साहेब शटलकडं न बघता रॅकेटकडं बघतात. प्रत्येक चुकल्या फटक्यानंतर रॅकेटच्या तारा बोटांनी नीट करण्याची पद्धत जगभरातल्या हौशी खेळाडूंनी कुणी न शिकवता उचलली आहे. तारा सरळच असतात.

शाफ्टचंही तसंच. कडक शाफ्ट वाकवायला हात चाबकागत सुटावा लागतो. तो वाकला की परत सरळ होताना जोर देतो. ज्याचा हात सुटत नाही त्याच्या मुठीत कडक शाफ्ट म्हणजे कार्बनची महाग काठी, आणि फटक्याचा हादरा थेट कोपरात. डॉक्टरांकडं त्या आठवड्यात बॅचमधले दोघं ‘टेनिस एल्बो’ घेऊन गेले. आयुष्यात कधी टेनिस न खेळलेल्या माणसाला टेनिस एल्बो होतो, यावर मेडिकलवाल्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पट्टा आणि मलम विकलं.

या रॅकेटच्या कीर्तीचा पाया मात्र एप्रिलमध्ये घातला गेला होता, हे नोंदवलं पाहिजे. साहेबांनी ती घेतली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. पहिल्याच दिवशी त्यांचा लॉब मागच्या रेषेपलीकडं गेला. पुढच्या आठवड्यात भिंतीवर. ‘‘काय पॉवर आहे राव!’’ असं सगळे म्हणाले. साहेबांनी घरी आरशासमोर सराव वाढवला, त्यात दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचा बळी गेला. आता मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पलीकडं जातो, हवा तापून विरळ होते, आणि शहर समुद्रसपाटीपासून पाचशेहून जास्त मीटर उंचावर पठारावर. विरळ हवेत शटलला अडवणारं कमी असतं, म्हणून ते लांब जातं. शटलच्या नळीवर यासाठीच वेगाचे क्रमांक असतात. तापलेल्या आणि उंचावरच्या गावात ७५ किंवा ७६चं मंद शटल घ्यावं, किनाऱ्यावर ७७-७८चं. बॅचनं मुंबईहून येणाऱ्या एका नातेवाइकाकडून स्वस्तात मिळाल्या म्हणून ७८च्या दहा नळ्या मागवल्या होत्या. तेव्हा मे महिनाभर सगळ्यांच्याच जुन्या रॅकेटमध्येही जोर आला होता. श्रेय फक्त नवीला मिळालं.

शटल बरोबर आहे की नाही हे पाहायची कसोटी नियमांत दिलेली आहे : मागच्या रेषेवरून खालून वर पूर्ण जोरानं मारायचं, आणि ते समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडं पडलं पाहिजे. ही कसोटी साहेबांनी नव्या रॅकेटनं घेतली. पहिलं शटल दीड मीटर बाहेर गेलं. दुसरं ट्यूबलाइटच्या पट्टीवर अडकून राहिलं. तिसरं बाजूच्या कोर्टावर खेळणाऱ्या वहिनींच्या वेणीत गेलं. ‘‘शटल फास्ट आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘शटल नव्हे,’’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी पुढं काही बोलायची गरज नव्हती.

आणि ही शटल स्वस्त असती तर एक वेळ. सोळा पिसं, एकाच बाजूच्या पंखातली, वजन पावणेपाच ते साडेपाच ग्रॅम. या हवेत ती पिसं कोरडी पडून दोन स्मॅशमध्ये तुटतात. म्हणून वाफ द्यायची रीत आहे : आदल्या रात्री नळीचं झाकण काढून ती चहाच्या किटलीच्या तोंडावर धरायची. साहेबांनी कुकरची शिट्टी काढून त्या वाफेवर धरली. सकाळी शटलला वरणाचा वास येत होता आणि फोडणीचा अंदाज मेडिकलवाल्यांनी बरोबर सांगितला.

सात्विकसाईराज रंकीरेड्डी यानं १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधल्या सोका इथं ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारला, त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. २०१३ सालचा मलेशियाच्या तान बून हेओंगचा ४९३चा विक्रम त्यानं मोडला. ही माहिती आल्यापासून हॉलमध्ये लॉब जवळजवळ बंदच झाला. आदल्या संध्याकाळी जालना रोडवर पाऊण तास सिग्नलला उभा राहिलेला माणूस हॉलमध्ये पाऊल टाकताच ५६५च्या वेगाची स्वप्नं पाहतो, हे समजण्यासारखं आहे. वाळूजवाल्यांनी मोबाइलच्या कुठल्याशा अॅपवर साहेबांचा स्मॅश मोजला. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही. माणूस तसा भला आहे.

साहेबांचा भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. त्यानं तिथं आइस हॉकी धरली आहे; हौशी लोकांच्या रात्री उशिराच्या लीगमध्ये, म्हणजे बर्फाचं मैदान ज्या वेळी दुसऱ्या कुणालाच नको असतं त्या वेळी. साहेबांना वाटलं, परदेशातला मुलगा आहे, तिकडं लोक विचारपूर्वक खरेदी करत असतील. व्हिडिओ कॉल झाला. तिथल्या काठीवर ‘फ्लेक्स’चा आकडा असतो : काठी एक इंच वाकवायला साधारण किती पौंड जोर लागतो तो. ढोबळ हिशेब असा की आपलं वजन पौंडांत घ्यावं आणि निम्मं करावं. भाचा सत्तर किलोचा, म्हणजे १५४ पौंड. त्याला हवी सत्याहत्तरच्या आसपासची. त्यानं घेतली शंभरची.

‘‘शंभरचीच का?’’

‘‘मामा, सत्याहत्तरची मागताना दुकानात कसंतरीच वाटतं.’’

त्यातून काठी उंच झाली म्हणून त्यानं वरून दोन इंच कापली, आणि कापली की काठी आणखी कडक होते. स्लॅप शॉट मारताना काठी चकतीच्या किंचित आधी बर्फावर आपटायची असते. ती वाकते, सुटते आणि चकतीला फेकते. भाच्याची काठी वाकत नाही. वाकतो तो भाचाच.

‘‘फुटली तर बदलून देतात का रे?’’

‘‘तीस दिवसांची वॉरंटी होती.’’

‘‘मग?’’

‘‘एकतिसाव्या दिवशी फुटली. साडेतीनशे डॉलर गेले.’’

मामाला फार बरं वाटलं. ते त्या दिवशी दोन गेम जिंकले. समोर मेडिकलवाल्यांचा मेहुणा होता, हा भाग वेगळा.

खरं तर बॅडमिंटन हा खेळ आपल्या घरचाच म्हणायला हरकत नाही. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यातच केले गेले. नियम पुण्यात झाले, हे ऐकून मराठवाड्यात कुणी चकित होत नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायात सेलांगरची स्पर्धा जिंकले आणि आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा या खेळातला पहिला त्यांनाच मिळाला. त्या काळची रॅकेट लाकडी चौकटीची, आजच्या कार्बनपेक्षा चांगलीच जड. ती पावसाळ्यात दमट हवेनं वाकू नये म्हणून लाकडाच्या एका चौकटीत घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवावी लागे. खेळाडू हॉलवर आला की आधी ते चार स्क्रू सोडवत बसे. आज तेवढ्या वेळात साहेबांची ग्रिप बदलूनही होत नाही.

मास्तरांकडं त्या दोन जमान्यांच्या मधली रॅकेट आहे. अॅल्युमिनियमचं डोकं, पोलादी दांडा, आणि दोन्ही जोडणारा ‘टी’ उघडा दिसणारा. रंग उडालेला. कव्हर म्हणजे दुधाची पिशवी नव्हे, पण फार वेगळंही नाही. मास्तर अडुसष्टचे. ते स्मॅश मारत नाहीत, धावत नाहीत; कोर्टाच्या मध्यावर उभे राहून शटल कधी नेटच्या कडेवरून पलीकडं सोडतात, कधी मागच्या कोपऱ्यात टाकतात. पलीकडचे दोघं ते आणायला धावतात. साहेब नव्या रॅकेटसह मास्तरांकडून आठ गुणांवर हरले तेव्हा बाकावर चर्चा झाली, आणि ती अर्थातच मास्तरांच्या रॅकेटवर झाली.

‘‘मास्तर, गटिंग कितीचं आहे?’’

‘‘कितीचं नाही माहीत. दोन हजार अकराचं आहे.’’

‘‘आणि मिळाली कुठं?’’

‘‘बक्षीस वाटून उरली होती शाळेत.’’

साहेबांनी मोठ्या मनानं आपली रॅकेट मास्तरांच्या हातात दिली. मास्तर तीन रॅली खेळले. रॅकेट परत केली. सगळे निकालाची वाट बघत होते. ‘‘कव्हर चांगलंय,’’ मास्तर म्हणाले, ‘‘दोन कप्पे आहेत.’’

पुढच्या पंधरवड्यात वाळूजवाल्यांनी कुठून तरी एक उघड्या ‘टी’ची जुनी रॅकेट मिळवली. तिचं वजन केलं, तोल-बिंदू मोजला, आणि तिच्यावर अठ्ठावीसचं गटिंग करायला दिली. कारागिरानं या वेळी समजूत घातली नाही. फ्रेम मशीनवरच पिचली. ‘‘बोला था ना साब’’ हे चार शब्द त्यानं ज्या सुरात म्हटले त्याचं वाळूजवाले अजून प्रात्यक्षिक करून दाखवतात.

पावसाळा लागला तशी हवा गार झाली, शटल आखूड पडू लागलं, आणि साहेबांच्या लक्षात आलं की रॅकेट ‘बसली’. ‘‘कार्बन थकला असंल,’’ कंत्राटदार म्हणाले. सिमेंटचं ज्ञान त्यांनी कार्बनला लावलं. साहेबांनी ती मेडिकलवाल्यांना नऊ हजारांना दिली आणि स्वतःसाठी ५यूची मागवली, घरी सांगायची किंमत तीच ठेवून. मेडिकलवाल्यांना महिनाभरात कळलं की हेड हेवी आपल्या मनगटाला मानवत नाही. त्यांनी सहा हजारांत ती डॉक्टरांना दिली. डॉक्टरांनी स्वतःच्याच खांद्याचा एक्स-रे काढला आणि रॅकेट कंत्राटदारांना दिली, दवाखान्याच्या कंपाउंडच्या बिलात अडीच हजार वळते करून. प्रत्येकानं देताना तेच सांगितलं : रॅकेट एक नंबर आहे, फक्त आपल्या स्टाइलला जमत नाही. त्या बॅचमध्ये स्टाइल हा शब्द ज्या आत्मविश्वासानं वापरला जातो, तो पाहून परगावच्या माणसाचा गैरसमज होऊ शकतो.

कंत्राटदार दोन दिवस खेळले आणि त्यांनी ती घरी मुलीला दिली. मुलगी नववीत. संध्याकाळी कोचिंगला जाते. तिच्या कोचनं तारा कापून बावीसचं गटिंग करून दिलं, वरच्या दोन ग्रिप उतरवल्या आणि रॅकेट तिच्या हातात ठेवली.

दिवाळीच्या सुटीत ती वडिलांबरोबर सकाळी आली. पहिल्या गेममध्ये मेडिकलवाल्यांना एकवीस-सहा. दुसऱ्यात डॉक्टरांना एकवीस-चार. डॉक्टर म्हणाले खांदा धरला होता. मग साहेब ५यू घेऊन उतरले. मुलीनं त्यांना मागं पाठवलं, पुढं बोलावलं, पुन्हा मागं पाठवलं, आणि ते पुढं यायच्या बेतात असताना त्यांच्या उजव्या कानाशेजारून एक स्मॅश मारला. साहेबांनी वळून शटलकडं पाहिलं नाही. ते मुलीच्या हाताकडं बघत होते.

‘‘बघा,’’ ते बाकावरच्या लोकांना म्हणाले, ‘‘मी तेव्हाच म्हणत होतो, रॅकेट चांगली आहे.’’

‘‘म्हणजे काय,’’ मेडिकलवाले म्हणाले, ‘‘माझ्याकडं असताना तिला मी कुणाला हात लावू देत नव्हतो.’’

साहेब घाम पुसत कंत्राटदारांच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच विचारलं, परत द्यायची असंल तर किती घेणार?

‘‘आता अकरा पडतील,’’ कंत्राटदार म्हणाले.